नवी फाईल, लय एकशेवीस

रेकॉर्डिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात नवी फाईल उघडा. तुम्ही कशालाही हात लावण्याआधीच पडद्यावर काही गोष्टी ठरून गेलेल्या असतात. लयीच्या चौकटीत बहुतेक ठिकाणी १२० हा आकडा असतो, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. शेजारी ४/४ लिहिलेलं असतं. डावीकडून उजवीकडे उभ्या रेषा आखलेल्या असतात, आणि त्या बहुधा सेकंदांच्या नसून मात्रांच्या असतात. मात्रा मोजून देणारी क्लिक वाजायला तयार असते. गाणाऱ्यानं अजून सा लावलेला नाही, तबल्यावर हातोडी पडलेली नाही, पण गाणं कसं असेल याचा अंदाज यंत्रानं बांधून ठेवलेला आहे.

पाश्चात्त्य पॉप संगीताला हा अंदाज चपखल बसतो. अभंग, ख्याल, पोवाडा, ओवी यांना तो बहुतेक वेळा बसत नाही. नवख्या माणसाला हे उमगत नाही, कारण सॉफ्टवेअरनं आखून दिलंय म्हणजे तीच शास्त्रशुद्ध पद्धत असणार असं त्याला वाटतं. मग पखवाजवाल्याच्या कानात क्लिक सोडली जाते. गायिकेचा गंधार दुरुस्त केला जातो. तानपुरा खरखर समजून पुसला जातो. अशी रेकॉर्डिंगं घेऊन माणसं माझ्याकडे येतात. माईक चांगला असतो, पैसे खर्च झालेले असतात, मंडळी सुरेल असतात, आणि तरी सगळ्यांची तक्रार एकच असते: आमचं गाणं असं नाही हो वाजत. त्या तक्रारीतून हे पुस्तक लिहिलं गेलं. सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे त्यात आहेच, पण त्याआधी सॉफ्टवेअरनं काय काय गृहीत धरलेलं आहे आणि त्यातलं काय बंद करायचं, हे आहे.

पुस्तक कुणासाठी आहे तेही सांगतो. भजनी मंडळातला एखादा तरुण, ज्याच्याकडे लॅपटॉप आहे आणि मंडळानं वर्गणी काढून दोन माईक घेतलेत. घरी गाण्याचा क्लास चालवणाऱ्या बाई, ज्यांना विद्यार्थ्यांसाठी बंदिशी म्हणून ठेवायच्या आहेत. कीर्तनकार, पॉडकास्ट करणारे, आजीच्या ओव्या जपू पाहणारी नात. यांच्यापैकी कुणालाही स्टुडिओ थाटायचा नाही. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखाच: कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? त्याचं उत्तर इथेच देऊन मोकळा होतो. ऑडॅसिटी फुकट आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं हे काम २००० सालापासून सगळ्यांना खुलं आहे, आणि एका-दोन माईकच्या कामाला ते पुरून उरतं. जास्त ट्रॅक हवे असतील तर रीपर घ्या. ॲपलचा संगणक असेल तर गॅरेजबँड हाताशी असतंच. प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक ही व्यावसायिकांची हत्यारं. आवाज पकडण्याचं काम ही सगळी सारखंच करतात. एकाच माईकमधून, एकाच इंटरफेसवरून आलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तोच राहतो. फरक पडतो तो नंतरच्या कामाच्या सोयीत. म्हणून या पुस्तकात बटणांची चित्रं कमी आहेत.

ही गृहीतकं आली कुठून हे कळलं, तर ती बाजूला ठेवताना मनात भीती राहत नाही. आजच्या सॉफ्टवेअरचे पूर्वज दोन आहेत. पहिला अनेक ट्रॅकांचा टेप-रेकॉर्डर. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यानं स्वतःच्याच वादनावर पुन्हा स्वतःचं वादन चढवण्याचे प्रयोग केले, आणि १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीनं त्याला आठ ट्रॅकांचं यंत्र बनवून दिलं. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' हा अल्बम लंडनमध्ये चार ट्रॅकांच्या यंत्रांवर थर चढवत तयार झाला. एकानं आज वाजवायचं, दुसऱ्यानं परवा, आणि श्रोत्याला ते एकत्र ऐकू यायचं, ही पद्धत तिथे रुजली.

दुसरा पूर्वज सीक्वेन्सर. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मिडी नावाची पद्धत ठरली. मिडीत प्रत्येक स्वराला ० ते १२७ मधला एक क्रमांक असतो आणि एका सप्तकात बरोबर बारा क्रमांक बसतात. क्यूबेस १९८९ मध्ये आटारी एसटी या संगणकावर आलं तेव्हा त्यात आवाज रेकॉर्डच होत नव्हता. कुठली पट्टी कधी दाबली आणि कधी सोडली एवढीच नोंद व्हायची, आणि त्या नोंदीसाठी मात्रांच्या रेषा हव्याच होत्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डिजिडिझाइन कंपनीनं आवाज कापण्या-जोडण्यासाठी साउंड टूल्स काढलं, आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स. सुरुवातीला त्यात चारच ट्रॅक होते. पुढे दोन्ही घराणी एक झाली. म्हणजे मात्रांच्या रेषा आणि बारा घरं हा कीबोर्डच्या नोंदवहीचा वारसा आहे. रेकॉर्डिंग या गोष्टीशी त्यांचा मुळात काही संबंध नाही. हे एकदा लक्षात आलं की त्या रेषा पुसून टाकायला मन कचरत नाही.

थर चढवण्याची ही पद्धत आपल्याकडे सिनेमाच्या वाटेनं आली. मुंबईच्या स्टुडिओत कितीतरी वर्षं गायक, कोरस आणि अख्खा वाद्यवृंद एका वेळी एका छताखाली रेकॉर्ड होत असे. कुणी एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये घराच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ उभारला, आणि १९९२ च्या 'रोजा'नंतर एकेका वादकाला वेगवेगळं बोलावून संगणकावर गाणं बांधण्याची रीत देशभर पसरली. त्या रीतीतून उत्तम गाणी झाली आहेत आणि होत राहतील. माझा आक्षेप रीतीला नाही. ती एकमेव रीत आहे असं समजून अभंगाला तिच्यात कोंबण्याला आहे.

सगळ्यात जास्त नुकसान लयीचं होतं, म्हणून पुस्तकाचा पहिला मोठा भाग लयीवर आहे. भजन सुरू होतं तेव्हा लय बेताची असते. चरण पुढे सरकतात, टाळांचा जोर वाढतो, पखवाजवाला दुगुनीत जातो, आणि गजराला येईपर्यंत लय कितीतरी चढलेली असते. ती हळूहळू आणि सगळ्यांच्या संमतीनं चढते. ती चढावी म्हणूनच माणसं एकत्र बसलेली असतात. अशा गाण्याला क्लिक लावली तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर मंडळी क्लिकला जुमानत नाहीत आणि हेडफोनमधल्या टकटकीनं हैराण होतात. किंवा जुमानतात, आणि भजन शेवटपर्यंत जिथल्या तिथे उभं राहतं.

ख्यालाची अडचण दुसऱ्या टोकाची. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालतं, म्हणजे एक मात्रा पाच सेकंदांची आणि लय मिनिटाला बारा. एबल्टन लाइव्ह या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये लयीचा आकडा २० च्या खाली जातच नाही. किराणा घराण्याच्या गायकानं बडा ख्याल लावला तर या सॉफ्टवेअरच्या हिशेबी ती लय अस्तित्वातच नाही. शिवाय विलंबितात गायक मात्रेच्या डोक्यावर बोल टाकत नाही. तो मागे रेंगाळतो, पुढे सरकतो आणि मुखडा घेऊन समेवर येतो. ते रेंगाळणं हेच गाणं असतं. सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाची सोय असते, जी प्रत्येक आघात उचलून जवळच्या रेषेवर नेऊन बसवते. तबल्याच्या ट्रॅकवर ती चालवून पाहा. ठेका बरोबर येतो आणि वाजवणारा नाहीसा होतो.

उपाय साधा आहे. क्लिक बंद करा. पट्टीवरच्या रेषा मात्रांऐवजी मिनिट-सेकंदांच्या करा. तुकडे आपोआप रेषांना चिकटवणारं स्नॅप बंद करा. गाणं पूर्ण होऊ द्या. मग शांतपणे ऐकत प्रत्येक समेवर एक खूण टाका. पंधरा मिनिटांच्या ख्यालाला हे काम फार वेळ घेत नाही, आणि त्यानंतर काटछाट करायची वेळ आली तर समेपासून समेपर्यंत करता येते. बोल मध्येच तुटत नाही. नंतर एखादं वाद्य चढवायचंच असेल तर बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये या खुणांवरून लयीचा नकाशा बनवता येतो. गाणाऱ्याची लय आधी, रेषा तिच्या मागून. नाटकाचं शीर्षकगीत, नाचाचं गाणं, मालिकेसाठी मोजून तीस सेकंदांची धून, अशा कामांना क्लिक हवीच, आणि ती कशी ऐकवावी यावरही वेगळं प्रकरण आहे.

लयीनंतर सूर. आपल्याकडे पट्टी माणसाच्या गळ्यावर ठरते. कुणाचा सा काळी एक, कुणाचा पांढरी दोन, बायकांचा बहुधा काळी चार किंवा पाच. तंतुवाद्यांची बैठक असेल तर सा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेही असू शकतो. सॉफ्टवेअरमधलं सूर सुधारणारं यंत्र हे मानत नाही. त्याला बाराच घरं ठाऊक असतात आणि ती समान अंतरावर असतात. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो तो या समान वाटणीतल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. पाश्चात्त्य अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरतात. कान तयार असलेल्या गायिकेचा शुद्ध गंधार तानपुऱ्याशी एकजीव होतो. ऑटो-ट्यून नावाचं सूर सुधारणारं यंत्र तो वर ढकलतं, आणि तोच गंधार मागच्या तानपुऱ्याशी भांडायला लागतो.

ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलकंपन्यांसाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचं गणित करत असत, आणि त्यातलंच गणित त्यांनी गळ्याला लावलं. शोध म्हणून तो थोर आहे. पण षड्जावरून मध्यमावर जाणारी मींड त्याला वाटेतल्या पायऱ्यांच्या रूपात दिसते, आणि दरबारीतला आंदोलित कोमल गंधार त्याला डळमळणारा गळा वाटतो. समान वाटणीवरून झालेलं भांडण आपल्याला नवीन नाही. याच कारणावरून, आणि पेटीवर मींड निघत नाही म्हणून, आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, आणि ती १९७१ पर्यंत राहिली. मी पेटीच्या बाजूचा माणूस आहे. पेटीवादकानं गायकाच्या मागून जाताना गंधार हलका दाबून किंवा सोडून जे तारतम्य दाखवलं ते बंदी घालणाऱ्यांच्या हिशेबात नव्हतं. सॉफ्टवेअरकडे ते तारतम्य नाही. रागदारीवर सूरसुधार चालवू नका. स्वर लागला नसेल तर चहा घ्या आणि पुन्हा गा.

तिसरं गृहीतक सगळ्यात लपलेलं आहे, आणि मला ते सगळ्यात जास्त सलतं. २०२० च्या टाळेबंदीत गाण्याचे क्लास फोनवर आणि लॅपटॉपवर सुरू झाले, तेव्हा घरोघरी एकच प्रकार दिसला. गुरू तानपुरा लावून बसायचे, आणि पलीकडे विद्यार्थ्याला तानपुरा दोन-चार सेकंद ऐकू येऊन विरून जायचा. गुरू गायला लागले की थोडा परत यायचा, थांबले की पुन्हा गायब. नेटवर्कला दोष दिला गेला. खरं कारण आवाज गाळणाऱ्या गणितात होतं. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंखा, एसी किंवा रस्ता असणार, माणसाचं बोलणं नव्हे, असं ते गणित धरून चालतं. तानपुऱ्याचं सगळं मोल त्याच्या एकसारखं चालू राहण्यात आहे. म्हणून तो सगळ्यात आधी पुसला गेला. झूममध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय असते. ती चालू केली की तानपुरा परत येतो.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शनही याच तत्त्वावर बेतलेलं असतं. शांततेचा एक तुकडा दाखवा, त्यात जे ऐकू येतं ते सगळीकडून काढून टाकतो, असं ते म्हणतं. बैठकीत शांततेचा तुकडा म्हणजे तानपुराच. जात्यावरची ओवी रेकॉर्ड करताना हाच धोका असतो. जात्याची घरघर गाळून टाकली तर ओवीचा आधार जातो, कारण ओळ दगडाच्या फेऱ्याला बांधलेली असते. लो-कटचंही तसंच. माईकवर ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारी खटकी असते, आणि बोलण्यासाठी ती चांगली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती खोल घुमारा यावा म्हणून. तो घुमारा याच पट्ट्यात असतो. खटकी चालू राहिली तर धा पोकळ येतो, आणि मिक्सिंगमध्ये काहीही केलं तरी भरत नाही.

तानपुरा रेकॉर्ड करणं हे माझ्या मते या विषयाचं खरं शिक्षण आहे. मिरजेच्या कारागिरांनी लावलेला तानपुरा घ्या. तिथल्या सतार आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आधी नुसतं कान जवळ नेऊन ऐका. घोडीपाशी जवारीचा चरचरीत, धारदार भाग ऐकू येतो. भोपळ्याच्या बाजूला नेलं की तो मऊ आणि गोल होतो. दांडीकडे वर गेलं की बोटाची टिचकी ऐकू येते आणि सूर मागे पडतो. कंडेन्सर माईक घोडीपासून हातभर लांब ठेवा, तोंड घोडी आणि भोपळा यांच्या मधे. मग हेडफोन लावून माईक चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे सरकवत राहा, खर्जाच्या तारेतून गंधार स्पष्ट उमटेपर्यंत. तो उमटला की स्टँड घट्ट करा. घोडीवर तारेखाली असलेला दोरा किंचित सरकला की गंधार हरवतो, आणि तो हरवल्याचं हेडफोनमध्ये बैठकीपेक्षा आधी कळतं. हा सराव एकदा झाला की पुढे कुठलंही वाद्य समोर आलं तरी माईक कुठे ठेवावा हे कानच सांगतो.

आता सगळे एकत्र बसलेले असतानाचं रेकॉर्डिंग. थरांच्या पद्धतीत एका माईकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरणं हा मोठा गुन्हा. भजनी मंडळात तो टाळताच येत नाही, आणि टाळू नये असं माझं ठाम मत आहे. देवळाचा सभामंडप डोळ्यांसमोर आणा. मधे पेटी, मुख्य गायक पेटीवर, उजव्या हाताला पखवाज, बाकीचे अर्धगोलात टाळ घेऊन. फरशी दगडाची, वर पत्रा. प्रत्येकापुढे एकेक माईक मांडला तर दहा माईक होतात, आणि त्या दहाही माईकमध्ये टाळच टाळ येतो. एकच टाळ दहा वेगवेगळ्या अंतरांवरून पोचतो, ते सगळे आवाज एकमेकांत मिसळून काही भाग खाऊन टाकतात, आणि नाद पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

मी तिथे चार माईक वापरतो. दोन माईक जोडीनं, एकाच स्टँडवर, एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर आणि ११० अंशांचा कोन करून. ही मांडणी फ्रान्सच्या सरकारी रेडिओनं बसवली आणि ओआरटीएफ या त्या रेडिओच्याच नावानं ती ओळखली जाते. स्टँड मंडळींच्या समोर, माणसाच्या डोक्याहून थोडा उंच. सगळं गाणं या जोडीतून येतं. तिसरा माईक मुख्य गायकाला, विताएवढ्या अंतरावर. चौथा पखवाजाच्या डाव्या तोंडाला. यानंतरचं खरं काम माईकचं नसून बसवण्याचं आहे. टाळ मागच्या ओळीत न्या. ज्यांचा गळा भारी ते पुढे घ्या. सतरंज्या दुहेरी अंथरा. ऐकायला आलेल्या लोकांना आत बसवा, कारण माणसं भरपूर आवाज शोषतात आणि रिकामा मंडप घुमतो. पंखे बंद करा. घुमटात पारवे असतील तर दिवे लागल्यावर ते स्थिरावेपर्यंत थांबा. मंडळींना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत, कारण लय चढवण्याची खूण पखवाजवाला डोळ्यांनी देतो. ही खूण जोडणारी कुठलीही केबल नाही.

घरातल्या खोलीबद्दल एकच गोष्ट इथे सांगतो, बाकी त्या प्रकरणात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही आणि आतला फारसा शोषला जात नाही. गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांचा उपयोग कितीतरी जास्त. तरी त्या वरचे आवाज शोषतात, खालचे नाही. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते आणि गोधडीला तिचा पत्ताही लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यावर आणि कोपऱ्यात न बसणं.

आकड्यांची भीती बाळगू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, हे एकदा ठरवा आणि पुन्हा त्याचा विचार करू नका. अशा एका ट्रॅकला तासाभराला पाचशे एमबीच्या थोडी वर जागा लागते. १६ बिटच्या काळात लेव्हल शक्य तितकी वर ठेवावी लागे, नाहीतर हळू आवाज खरखरीत बुडायचा. तीच सवय अजून लोकांच्या हातात आहे. २४ बिटला तिची गरज उरलेली नाही. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा आणि टाळांसाठी आणखी थोडी जागा सोडा. टाळाचा आघात इतका झटकन येतो की काटा हलायच्या आत आवाज फाटून गेलेला असतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो ही तक्रार नेहमीची. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दोन मीटरवर बसलेल्या पखवाजाचा आवाज गायकाला सहा मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. सॉफ्टवेअरचा बफर, म्हणजे एका वेळी हाताळायच्या नमुन्यांचा साठा, २५६ ठेवला तर एका दिशेचा उशीर साधारण तेवढाच, ५.३ मिलिसेकंद. १०२४ ठेवला तर एका दिशेलाच २१ मिलिसेकंद जातात, आणि येताना पुन्हा तेवढेच. मग गायक अडखळतो. रेकॉर्ड करताना बफर लहान, मिक्सिंगला मोठा. इंटरफेसवर थेट ऐकण्याची खटकी असेल तर ती वापरा, म्हणजे प्रश्नच मिटतो. सतत गुणगुण ऐकू येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गावात अर्थिंग धड नसतं आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण केबलमधून थेट आत येते. लाईट गेली तरी बॅटरीवरचं रेकॉर्डिंग चालू राहतं, हा आणखी फायदा.

बोलण्याच्या रेकॉर्डिंगवर, म्हणजे कथाकथन, कीर्तनातलं निरूपण, पॉडकास्ट यांवर, शेवटची दोन प्रकरणं आहेत. मराठीत महाप्राण भरपूर. फ, भ, ख, ठ यांच्याबरोबर तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो आणि तो माईकच्या पडद्यावर आदळला की धप्प असा आवाज येतो. माईक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी, थोडा तिरका, विताएवढा दूर ठेवा. झोत शेजारून निघून जातो, शब्द मात्र पोचतो. यंत्रानं श्वास कापून टाकायची सोय असते, तीही बंद ठेवा. कीर्तनकार कुठे श्वास घेतो यावरून पुढचं वाक्य केवढं येणार हे श्रोता ओळखतो.

हे सगळं शिकून करायचं काय, तर आपल्या आसपास जे गायलं जातं ते नीट पकडून ठेवायचं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि बर्नार बेल यांनी त्यातल्या शंभराहून अधिक तासांच्या गायनाचं रेकॉर्डिंग केलं. आज त्या ओव्या ग्रामीण भारताच्या 'पारी' या ऑनलाइन संग्रहात कुणालाही ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. नाव नसतं तर ती फक्त एक जुनी फाईल उरली असती. आपल्या फोनमध्ये आणि हार्डडिस्कवर अशा बेनाम फाईली किती पडल्या आहेत ते एकदा बघा.

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गाइसबर्गनं गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपताना ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या जर्मनीतल्या हानोव्हरला जाऊन छापल्या जायच्या आणि तिथल्या कामगारांना कुठलं गाणं कुणाचं हे कळावं म्हणून ही सोय होती. ती आजही करण्यासारखी आहे. फाईलचं नाव कुणीही बदलतं, पाठवताना हरवतं, पण आवाजात बोललेलं आवाजाबरोबर राहतं. गाण्याआधी ठिकाण, तारीख आणि पट्टी बोलून घ्या. रेकॉर्डिंग कुठे ऐकवणार, कुणाला देणार, हे गाणाऱ्यांना आधी विचारा, आणि त्यांनी दिलेलं उत्तरही त्याच फाईलमध्ये येऊ द्या. मूळ वेव्ह फाईल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एमपीथ्री फक्त पाठवण्यापुरती. नावं मात्र गाणं संपल्यावर, मंडळी उठायच्या आत घ्या: गायक, पेटी, पखवाज, आणि मागच्या ओळीत टाळ धरून बसलेले सगळे, एकेक करून, त्यांच्या स्वतःच्या तोंडून.